नेमबाजीचा बेंच इंदुरातच बनवून घेतला, सांवेर रोडच्या वर्कशॉपचा अनुभव

सांवेर रोडच्या इंडस्ट्रियल एरियात एक छोटं फॅब्रिकेशन वर्कशॉप आहे, गेट, ग्रिल, पाण्याच्या टाकीचे स्टँड, शेडचे ट्रस असली कामं करतात, त्यांच्याकडून मी एअर रायफलसाठी एक शूटिंग बेंच, म्हणजे बसून, रायफल टेकवून मारायचं टेबल, बनवून घेतला, सुटा करून गाडीत टाकता येईल असा. पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढे लिहितो. वर्कशॉपचं नाव टाकत नाही कारण मालक काकांनीच सांगितलं की नेटवर नाव नको, आहे तेवढंच काम उरकत नाही. पण असं काम कुठल्याही चांगल्या फॅब्रिकेटरकडून करून घेता येतं, फक्त काय सांगायचं आणि काय तपासायचं हे माहीत पाहिजे, आणि ते सगळं मला याच काकांकडून कळलं, म्हणून एवढं लांबलचक लिहून राहिलोय.

आधी बेंच कशाला. माझी भाची १० मीटर एअर रायफल मारते, उभं राहून मारायचा खेळ आहे तो, त्यामुळे घरातल्या प्रत्येकाने विचारलं की तिला बेंच काय कामाचा. तर बघा, १० मीटरच्या कागदी टार्गेटवर जो दहाचा ठिपका असतो तो फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा. छर्ऱ्यांचे डबे येतात ते सुद्धा ४.४९, ४.५०, ४.५१ असे वेगवेगळ्या हेड साइझचे (छर्ऱ्याच्या डोक्याची जाडी, मिलिमीटरमध्ये), आणि कुठल्या बॅरलला कुठला डबा मानवेल हे मारून बघितल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. आता पोरगी उभी राहून मारून राहिली आणि भोकं पसरली, तर ती छर्ऱ्यामुळे पसरली की तिच्या हातामुळे, कसं ठरवणार? म्हणून रायफल पुढे रेस्टवर, म्हणजे टेकू देणाऱ्या स्टँडवर, आणि मागे वाळूच्या पिशवीवर टेकवायची, माणूस जितका बाजूला काढता येईल तितका काढायचा आणि मग ग्रुप, म्हणजे भोकं किती जवळजवळ पडतात ते, बघायचा. साइट झीरो करायची, म्हणजे निशाण आणि भोक एका जागी जुळवायचं, तरी हेच.

दुसरं कारण बाबा. सत्तरी ओलांडली, गुडघे गेलेत, उभं राहवत नाही, पण नजर अजून पक्की आहे आणि नेमबाजीची आवड तर आमच्या घरात त्यांच्याचकडून आली. बसून २५ मीटरवर मारायला त्यांना फार आवडतं. आमच्या घरच्या काकांचं (वर्कशॉपवाले नव्हे) शेत आहे देपालपूरच्या बाजूला, तिथे एका टोकाला मातीचा उंच बांध घालून घेतलाय, मागे वस्ती नाही, रस्ता नाही, तिथेच आमचं सगळं चालतं. रायफल पॉइंट १७७ ची (नळीचं माप इंचात, म्हणजे तेच साडेचार मिलिमीटर), ताकद २० जूलच्या आतली, त्यामुळे लायसन्सचा विषय नाही, पण मागे पक्का बांध असल्याशिवाय एअर रायफलसुद्धा मोकळ्यावर चालवू नये, हे ज्यांना सांगायची गरज आहे त्यांच्यासाठी सांगून ठेवतो.

इंदुरात नेमबाजीची हवा काही कमी नाही. महू इथून २०-२५ किलोमीटर, तिथे आर्मी मार्क्समनशिप युनिट आहे, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूलला सिल्व्हर आणणारा विजय कुमार तिथेच सराव करायचा. भोपाळला राज्याची अकादमी आहे, आपल्या खरगोनकडचा ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर तिथूनच पुढे आला. आणि २०२४ ला पॅरिसमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनला ब्राँझ घेतलं तेव्हापासून रामबागेतल्या आणि सुदामा नगरातल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांमध्ये पोरं रायफल मागायला लागली आहेत. पण बेंच म्हटलं तर दुकानात कोणी ठेवत नाही. बाहेरून मागवायचे फोल्डिंग बेंच दिसतात ऑनलाइन, किंमत बघून पुढे जावंसं वाटत नाही, आणि फोटोतच पाय इतके बारीक दिसतात की हलणार हे आधीच कळतं.

त्याआधी शहरातल्या एका फर्निचरवाल्याने आम्हाला एक लाकडी फोल्डिंग टेबल करून दिलं होतं. दिसायला देखणं, वजनाला भक्कम, पितळी बिजागऱ्या वगैरे. पण नुसतं कोपर टेकवलं की इकडून तिकडे झुलायचं. तो म्हणायचा जड आहे साहेब, हलणार कसं. आता हा हिशेब बघा, कारण सगळी गोष्ट या हिशेबावर आहे. पुढचा रेस्ट आणि मागची पिशवी यांच्यात साधारण ५० सेंटिमीटर अंतर असतं. मागचं टोक फक्त १ मिलिमीटर सरकलं तर १० मीटरवर निशाण २० मिलिमीटर सरकतं, म्हणजे १० पॉइंट सोडा, टार्गेटच्या काळ्या भागाच्याच बाहेर. २५ मीटरवर तेच ५० मिलिमीटर, पूर्ण पाच सेंटिमीटर. टेबल चाळीस किलोचं असो की चारशे, १ मिलिमीटर हललं की खेळ संपला.

तर वर्कशॉप. आमच्या कॉलनीतलं गेट त्यांनी केलं होतं आणि ते गेट इतक्या वर्षांत लटकलं नाही, फरशीला घासत नाही, एका बोटाने ढकललं तरी चालतं, म्हणून मी सरळ तिकडे गेलो. मालक काका मराठीच, साठीच्या पुढचे, तीन पिढ्या इंदुरात, हाताखाली तीन-चार पोरं. मी कागदावर चार पायांचं टेबल काढून नेलं होतं. त्यांनी कागद बघितला आणि बाजूला ठेवला. म्हणाले, "आधी हे सांग, ठेवणार कुठे? फरशीवर की शेतात?" मी म्हटलं शेतात. "मग चार पाय कशाला? शेतात चौथा पाय नेहमी हवेत राहून राहतो."

एवढं एकच वाक्य त्या फर्निचरवाल्याने कधी म्हटलं नव्हतं. तीन पाय कुठल्याही उंचसखल जमिनीवर टेकतातच, आपल्या घरातल्या तिपाईसारखे, कागद दुमडून पायाखाली घालावा लागत नाही. चौथा आला की चारांतला एक अधांतरी, आणि मग डोलणं सुरू.

मग त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि मला खरंच फार बरं वाटलं, कारण या माणसाने आयुष्यात रायफल हातात घेतली नसेल पण विचारत होता सगळं नेमकं. बसणार कशावर, स्टूलची उंची किती, माणूस पुढे किती झुकतो, कोपर कुठे टेकतो, बंदूक मागे ढकलते का. (पीसीपी रायफल, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी, जवळजवळ ढकलत नाही, स्प्रिंगवाली मात्र दोन्हीकडे झटका देते आणि ती कडक रेस्टवर ठेवून मारली तर ग्रुप येतच नाही, तिला खाली तळहात द्यावा लागतो. हे मी सांगितल्यावर त्यांनी दोनदा विचारून समजून घेतलं.) दुसऱ्या वेळी मी रायफलच्या मापाची लाकडी पट्टी कापून नेली, पुढचा रेस्ट आणि पिशवी नेली, आणि त्यांनी मला लोखंडी टेबलापाशी बसवून चॉकने माझ्या कोपरांच्या जागा आखल्या. ज्यांना करून घ्यायचाय त्यांनी हेच करा, खरी रायफल वर्कशॉपमध्ये नेऊ नका, विनाकारण गर्दी जमते आणि ते बरं दिसत नाही.

वरच्या पाटाचा आकार इंग्रजी टी सारखा ठरला, पुढे आडवा भाग आणि मधोमध मागे आलेली जीभ. उजव्या हाताने मारणारा माणूस मधल्या जिभेच्या डाव्या बाजूला बसतो, रायफल जिभेवरून येते, उजवं कोपर जिभेवर टेकतं. डावखुऱ्याचं बरोबर उलट. बाबा उजवे, भाची डावखुरी, म्हणून दोन्ही बाजूंना खाचा घेतल्या. एकच जण मारणार असेल तर एका बाजूची खाच पुरते, पाट जास्त रुंद मिळतो. आमचा पाट ४२ इंच लांब आणि ३४ इंच रुंद आहे, ३४ यासाठी की वॅगन-आरच्या मागच्या सीट पाडल्या की तो आडवा सरळ आत जातो. जमिनीपासून उंची ३२ इंच, स्टूल १८ इंचाचं. ही उंची आमच्या बाबांच्या पाठीला जुळणारी आहे, तुमची तुम्ही बसून मापा, मान वाकडी न करता गाल स्टॉकवर, म्हणजे रायफलच्या मागच्या दस्त्यावर, आला पाहिजे.

पाय दोन पुढे आणि एक मागे, जिभेच्या खाली, तिन्ही बाहेरच्या बाजूला थोडे तिरके. इथे काकांनी एक गोष्ट केली जी मला स्वतःला कधीच सुचली नसती. तीन पायांच्या टेबलात एक धोका असतो, तीन पायांना जोडणाऱ्या त्रिकोणाच्या बाहेर जोर पडला की टेबल कलंडतं, आणि टी च्या आडव्या भागाचे मागचे दोन कोपरे नेमके त्या त्रिकोणाच्या बाहेर येतात. माणूस उठताना साहजिकच त्या कोपऱ्यावर हात ठेवून उठतो, आमचे बाबा तर नक्कीच. त्यांनी ते दोन्ही कोपरे तिरके कापूनच टाकले. म्हणाले, "सूचना लिहून ठेवली तर कोणी वाचत नाही, टेकायला जागाच ठेवायची नाही." आता बाबा उठताना आपोआप जिभेवर हात ठेवतात, जिच्या खाली पाय आहे.

आता जोडांकडे येतो, कारण सगळा जीव तिथे आहे. सुटा होणारा बेंच म्हणजे पाय काढता आले पाहिजेत, आणि पाय काढता येतो म्हणजे तो जिथे बसतो तिथे थोडी तरी फट असणार. पायाला ४० बाय ४० चा चौकोनी पाईप घेतला, २ मिमी जाडीचा. तो ज्यात शिरतो ते सॉकेट ५० बाय ५० चं, ४ मिमी जाडीचं, म्हणजे आतून ४२. दोन मिलिमीटर फट. साधारण फॅब्रिकेटर काय करतो, आरपार भोक पाडून पिन टाकतो, आणि पिनच्या भोकातही फट असतेच, म्हणजे फटीत अजून फट. इथे काकांनी सॉकेटच्या दोन लागून असलेल्या बाजूंना एकेक नट वेल्ड केला आणि त्यात १० एमएमचे बोल्ट दिले, डोक्याला सळईचा आडवा तुकडा वेल्ड करून, म्हणजे पाना लागत नाही, हाताने पिळता येतो. एक बोल्ट पाय समोरच्या भिंतीवर दाबतो, दुसरा शेजारच्या. दोन्ही आवळले की पाय सॉकेटच्या एका कोपऱ्यात असा बसतो की जणू एकच पाईप आहे. फट आहे तेवढीच आहे पण सगळी एका बाजूला गेली, आणि हलायला काही उरलंच नाही.

हे तपासायला मी एक साधा लेझर पॉइंटर नेला होता, तो लाकडी पट्टीला टेपने बांधून रेस्टवर ठेवला आणि वर्कशॉपच्या पलीकडच्या भिंतीवर लाल ठिपका पाडला, चॉकने त्याच्याभोवती गोल काढला. मग बेंचवर मूठ आपटली. ठिपका थरथरला आणि परत गोलात आला. पुन्हा आपटली, पुन्हा परत. कोपराने बाजूला ढकलून सोडलं, परत तिथेच. काका बाजूला उभे होते, त्यांनी जे सांगितलं ते मी त्याच दिवशी लिहून ठेवलं. "थरथर लोखंडाची असते, ती परत येते. ढिलाई जोडाची असते, ती परत नाही येत. थरथरीला घाबरू नको." आणि खरंच, छर्रा सुटायच्या आधी दोन श्वास थांबलं की थरथर विरते, पण जोडातून सरकलेली रायफल जिथे सरकली तिथेच राहते आणि आपल्याला वाटतं निशाण बरोबर आहे. घरातलं ते जुनं लाकडी टेबल मी त्याच लेझरने तपासलं, ठिपका एकदाही जुन्या जागी परतला नाही.

बेंच घेताना, करून घेताना, कुठेही, ही एक परीक्षा कराच. वजन विचारू नका, लोखंड किती जाड ते नंतर विचारा, आधी ठिपका परत येतो का बघा.

फ्रेम २५ बाय २५ च्या पाईपची आहे. वेल्डिंग करताना पाईप तापून ओढला जातो आणि फ्रेम पिळवटते, म्हणून त्यांनी सपाट जाड प्लेटवर फ्रेम शिकंज्याने आवळली, आधी सगळीकडे फक्त टाके मारले, मग एक जोड इकडचा एक तिकडचा असं आलटूनपालटून वेल्ड केलं, मध्ये थंड होऊ दिलं. पोरगा घाई करायला लागला तेव्हा त्याला हटकलं सुद्धा. पाट १८ मिमीचा वॉटरप्रूफ प्लाय, आयएस ७१० चा शिक्का असलेला मरीन ग्रेड, आयएस ३०३ वाला स्वस्त मिळतो पण उघड्यावर, दवात आणि पावसात ठेवायची वस्तू असेल तर तिथे पैसे वाचवू नका. प्लायच्या कडा उघड्या राहिल्या की पाणी तिथूनच शिरतं, म्हणून कडांना आधी फेविकॉल पाजून मग पॉलिशचे हात दिले. बोल्टची डोकी पाटाच्या आत बुडवली आहेत, रेस्ट कुठेही सरकवा, अडत नाही. वरती कार्पेट लावायचं माझ्या डोक्यात होतं, काकांनी नको म्हटलं, कार्पेट स्वतःच सरकतं. नुसत्या प्लायवर पातळ रबरी मॅट टाकतो, ती सियागंजात मिळाली, आणि तेच बरोबर ठरलं.

आता माळव्याची काळी माती. ज्याने पावसानंतर सोयाबीनच्या शेतात पाय टाकलाय त्याला सांगायला नको की चपला तिथेच राहतात. ४० बाय ४० चा पाईप तसाच टेकवला तर पाय हळूहळू खाली जातो, आणि तिन्ही सारखे जात नाहीत, एक जास्त जातो, आणि मारता मारता निशाण चढत किंवा उतरत जातं. काकांनी प्रत्येक पायाखाली १०० बाय १०० ची ५ मिमी प्लेट दिली. पाईपचं बाहेरचं माप धरून हिशेब केला तर टेकणारी जागा सव्वासहा पट झाली. प्लेट बोल्टवर थोडी फिरते, कारण पाय तिरका आहे आणि प्लेट जमिनीला सपाट लागली पाहिजे, घट्ट वेल्ड केली असती तर एका कडेवरच उभी राहिली असती. प्लेटीला दोन भोकं आहेत, कडक उन्हाळ्यात जमीन भेगाळून दगडासारखी होते तेव्हा त्यातून लांब खिळे ठोकतो. फरशीवर ठेवायचा असेल तर खाली रबराचे तुकडे.

शेतावर आता तो पावसाळ्याच्या शेवटी, थंडीत गव्हाला पाणी दिलेल्या ओल्या कडेला, आणि मे महिन्यातल्या त्या रणरणत्या उन्हात, सगळीकडे वापरून झालाय. ओल्या मातीत पहिले काही मिनिटं प्लेटी बसतात, तेवढा वेळ द्यावा लागतो, बेंचवर दोन्ही हातांनी दाबून बसवला की काम होतं. बाबा एकदा बसले की चहाला हाका माराव्या लागतात. २५ मीटरवर त्यांचे पाच छर्रे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातात, प्रत्येक वेळी नाही, पण वारा पडलेला असला की नक्की. जुन्या टेबलावर हेच बाबा, हीच रायफल, भोकं तळहाताएवढी पसरायची आणि ते स्वतःच्या डोळ्यांना दोष द्यायचे. मला या सगळ्यात सगळ्यात जास्त ते लागायचं. माणूस म्हातारा झाला म्हणून चुकत नव्हता, टेबल चुकत होतं.

भाचीच्या छर्ऱ्यांचाही निकाल लागला. तिच्या रायफलला ४.४९ चा डबा मानवला, ज्याच्याकडे आम्ही बघतसुद्धा नव्हतो कारण क्लबात सगळे ४.५० वापरतात. तुमच्या रायफलला दुसरं काही मानवेल, प्रत्येक बॅरलची तऱ्हा वेगळी, पण आता ठरवायला साधन आहे.

अर्धा स्टार कुठे गेला. एक, वेळ. दिलेली तारीख पाळली नाही, लग्नसराईच्या गेटांचं काम आधी घेतलं, आणि फोन केला की "उद्या या" एवढंच. काम चांगलं होतं म्हणून मी सांभाळून घेतलं पण तारीख देताना थोडी पुढचीच द्यावी, माणूस तयारीने थांबतो. दोन, पावडर कोटिंग ते बाहेरून करून घेतात, आणि ज्याच्याकडे दिलं त्याने सॉकेटची तोंडं आणि नटांचे आटे झाकलेच नाहीत. भट्टीत साधारण २०० डिग्रीला पावडर वितळून पक्की बसते, ती आट्यांत बसली की बोल्ट शिरत नाही, आणि सॉकेटच्या आत जाड थर आला तर पायही अडकतो. काकांनी तिथल्या तिथे आटे पुन्हा काढून दिले, सॉकेट आतून घासून दिलं, पैसे घेतले नाहीत, पण आता आतला भाग उघडा पडला आणि तिथे गंज धरू नये म्हणून मला दर पावसाळ्यात ग्रीस लावावं लागतं. तुम्ही करून घेतलात तर कोटिंगला पाठवायच्या आधी सॉकेटमध्ये चिंध्या आणि नटांत जुने बोल्ट घालून पाठवायला सांगा. तीन, फ्रेमच्या आतल्या कडा नीट घासल्या नव्हत्या, उचलताना बोटाला लागतं, ते मी घरी कानसने केलं. बिल कच्चं मिळालं, ज्यांना पक्कं लागतं त्यांनी आधीच बोलून घ्या.

एक छोटी गोष्ट फार आवडली ती राहून गेली, तीनही पाय आणि सॉकेटांवर छिन्नीने एक, दोन, तीन खुणा मारल्या आहेत. जमिनीवर टेकताना कापलेला कोन प्रत्येक पायाचा किंचित वेगळा असतो, अदलाबदल झाली तर बेंच उभा राहतो पण तसा बसत नाही. रंगाने आकडे लिहिले असते तर एका उन्हाळ्यात उडाले असते.

वजन सगळं मिळून २४ किलोच्या आसपास. पाट आणि फ्रेम एकत्र असतात, ते १६-१७ किलो, एक जण उचलतो पण दोघे असले तर बरं, पाय तीन वेगळे, गोणपाटात गुंडाळून सीटखाली. उभा करायला पाच-सात मिनिटं. पाट उलटा टाकायचा, पाय खुणेप्रमाणे घालायचे, बोल्ट हाताने आवळायचे, दोघांनी मिळून सरळ करायचा, मग प्रत्येक बोल्ट पुन्हा एकदा पिळायचा, कारण उलटा असताना आवळलेला बोल्ट वजन आल्यावर थोडा ढिला पडतो.

खर्च लोखंड, प्लाय, कोटिंग आणि मजुरी धरून साडेसहा हजारांच्या आत झाला, त्यात प्लाय काकांच्या ओळखीच्या सुताराकडचा उरलेला तुकडा होता म्हणून थोडा स्वस्त पडला, नवीन शीट घेतली असती तर हजारेक वाढले असते. मजुरीत मी घासाघीस केली नाही आणि तुम्हीही करू नका. माप घ्यायला, प्रश्न विचारायला आणि कोपरे कापायचा विचार करायला जो वेळ गेला त्याचे पैसे त्यांनी लावलेच नव्हते.

आता भाचीच्या क्लबातल्या एका मुलाच्या वडिलांनी माप विचारलंय, मुलगा व्हीलचेअरवर आहे आणि त्याला घरी सराव करायचाय. त्याच्यासाठी हा बेंच जसाच्या तसा चालणार नाही, मागचा मधला पाय खुर्चीला आड येतो. मी त्यांना काकांकडे घेऊन गेलो, काकांनी खुर्चीची रुंदी मापली, चाकं कुठपर्यंत आत जातात ते बघितलं, आणि मागचा पाय काढून पुढून आधार देता येतो का यावर कागदावर रेघा मारत बसले. तारीख विचारली तर उत्तर आलं नाही, पण मापं सगळी लिहून घेतली आहेत.